अकरा मिनिटं कमी

गॅरी गावात, ब्रॉडवेवर, पोलादाच्या धुराखाली
एक थिएटर होतं. पाटीतली तीन अक्षरं
कधीच पेटायची नाहीत.
शनिवारी दुपारी पंचाहत्तर सेंटांत दोन सिनेमे,
त्यांतल्या एकात हमखास ती.

नाव दर वेळी निराळं, आम्ही नुसतं ती म्हणायचो.
मोहरीच्या रंगाचा लांब कोट.
दारातून आधी केस यायचे, मग ती.
इमारती जाळून विम्याचा पैसा खाणाऱ्याच्या दारावर
तिनं कधी टकटक केली नाही.
टाच पुरायची.

आम्ही बारा-तेरा वर्षांच्या.
बाहेर पडलो की मी आणि क्लॉटील
बसथांब्यापर्यंत तिच्यासारखं चालायचो:
खांदे आधी, मग बाकीचं जग.

वर मशीनच्या खोलीत लुव्हेनिया टकर.
नवऱ्याचे डोळे गेले आणि त्याचं काम तिच्याकडे आलं,
युनियनच्या कागदावर मात्र नाव त्याचंच.
आम्हाला तिची फक्त सावली माहीत होती,
आणि रीळ बदलताना येणारा खोकला.

एकोणऐंशी साली मी मिलमध्ये क्रेनवर चढले.
पहिल्याच आठवड्यात खालून फोरमननं शिट्टी घातली.
मी साठ पायऱ्या उतरले, त्याच्यासमोर उभी राहिले,
आणि काहीच बोलले नाही.
खांदे आधी.
तो टोपी नीट करत निघून गेला.
हे मी कुठे शिकले, मला विचारू नका.

परवाच्या ऑक्टोबरात माझ्या लेकीनं, झकियानं,
शिकागोला नेलं. युनिव्हर्सिटीचं सभागृह, मऊ खुर्च्या,
जुनी प्रिंट धुऊनपुसून लख्ख.
ती आली. तोच कोट.
माझ्या गुडघ्यांनी तिला आधी ओळखलं.

मग विसाव्या मिनिटाला तिचे कपडे फाटले.
चाळिसाव्याला पुन्हा.
कॅमेरा रेंगाळला, दारूच्या दुकानापुढे
बिनकामाचा माणूस रेंगाळतो तसा.
गोष्टीला गरज नव्हती.
ज्यांना होती, त्यांची नावं शेवटी वर सरकत गेली.

मी म्हणाले, जरा मोठ्यानंच, हे यात नव्हतं.
पुढची दोघं वळली.
मम्मा, सिनेमा हाच आहे, झकिया कुजबुजली.
नाही गं. मी सात वेळा बघितलाय.

क्लॉटीलला फोन केला. तिलाही आठवेना.
शेवटी लुव्हेनियाच्या भाच्याकडे
बिस्किटांचा एक डबा निघाला.
आत फितींच्या गुंडाळ्या, प्रत्येकीला शिवणाचा दोरा,
एकीवर चिठ्ठी: शनिवार. मुली असतात.
रीळ परत करताना फीत कमी भरायची,
कंपनी पगारातून कापून घ्यायची.
तिचं उत्तर ठरलेलं: उंदरांनी खाल्लं.

म्हणजे आमच्या गावात, फक्त आमच्या गावात,
ती कधी कात्रीत सापडली नाही.
कात्री तिच्या बाजूची होती.
आणि मी चाळीस वर्षं जिच्यासारखी चालले
ती बाई अशी, पूर्ण, दुसऱ्या कुठल्या पडद्यावर नव्हतीच.

मला वाटलं, इथे गोष्ट संपली.
झकियानं मात्र एक फीत खिडकीशी धरली.
बघ, म्हणाली, या अकरा मिनिटांतही ती काम करतेय.
कोणी राबत असताना
तिला कापून टाकायचं, हेही मला पटत नाही.

मी चष्मा लावला. नखाएवढी चौकट.
फाटलेली बाही, माणसाचा हात,
आणि तिचे डोळे.
घाबरलेले नाहीत. चिडलेलेही नाहीत.
त्या माणसाच्या पलीकडे, भिंतीवर कुठेतरी
घड्याळ असावं तसे.

ही नजर मला ठाऊक आहे.
दुसऱ्या पाळीच्या सातव्या तासाला
क्रेनच्या काचेत मी रोज बघायचे.

गुंडाळ्या परत भरल्या.
डब्याचं झाकण आता नीट बसत नाही.